सात बाय सातची गादी घरात कितीला पडते?

आमची नवी गादी तीन दिवस पार्किंगमध्ये उभी होती. सात फूट लांब, सात फूट रुंद, दहा इंच जाड, आत पॉकेट स्प्रिंग, वर पांढरंशुभ्र विणीचं कापड. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी कौतुकाने हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरायला लागला म्हणून वॉचमनकाकांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, त्यांना गाडी लावायला जागा उरली नव्हती.

लिफ्टमध्ये ती जाणार नाही हे तर दिसतच होतं. जिन्याने पहिला मजला चढली आणि वळणावर अडकली ती अडकलीच. हमालांचा म्होरक्या घाम पुसत म्हणाला, "ताई, गादीला नावं ठेवू नका, तुमचा जिनाच बारीक आहे." दुकानदाराला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं: ऑर्डरचा माल परत होत नाही, बिलाच्या मागे लिहिलंय. लिहिलेलं होतंच, मीच वाचलं नव्हतं. शेवटी बाल्कनीचं ग्रिल उतरवलं, गच्चीवरून दोर सोडले आणि सहा जणांनी ती चौथ्या मजल्यावर ओढून घेतली. बाल्कनी बेडरूमलाच लागून होती हे नशीब. हमालीचे साडेसहा हजार, ग्रिलवाल्याचे अठराशे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तुळशीची कुंडी फुटली ती वेगळीच.

तेव्हापासून ओळखीत कुणी मोठी गादी घ्यायची म्हटलं की मला फोन येतो. रीडेव्हलपमेंटमध्ये खोल्या मोठ्या मिळाल्या की लोकांना पहिली आठवण पलंगाची होते. फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे. भाव पुण्यातल्या दुकानांत आणि ऑनलाइन फिरून पाहिलेले आहेत, तुमच्या गावी आणि तुम्ही वाचाल तेव्हा थोडे इकडेतिकडे होणार हे धरून चाला.

आधी मापांची भाषा समजून घ्या. दुकानात बोलणं फुटांत चालतं: तीन बाय साडेसहा म्हणजे सिंगल, चार बाय साडेसहा डबल, पाच बाय साडेसहा क्वीन, सहा बाय साडेसहा किंग. लांबी सहा आणि सव्वासहाचीही मिळते, काही कंपन्या सहा बाय सात तयार ठेवतात. ऑनलाइनवर हीच मापं इंचांत आणि लांबी आधी लिहून येतात, म्हणजे किंग झाली ७८ बाय ७२. अमेरिकेतली किंग वेगळी, ती ७६ इंच रुंद आणि ८० इंच लांब. न्यू जर्सीच्या भाच्याने हौसेने आणलेली इलॅस्टिकची चादर आपल्या गादीवर सुरकुतते ती याच कारणाने. तिकडे त्याहून अवाढव्य मापंही असतात. अलास्कन किंग नावाची गादी नऊ बाय नऊ फुटांची, म्हणजे ८१ चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती, त्यात अख्खं कुटुंब राहायचं. तिच्या निम्मी नुसती गादी!

आपल्याकडे सहा बाय साडेसहा, फार तर सहा बाय सातच्या पुढे गेलात की बाजार संपतो आणि ऑर्डर सुरू होते. मोठ्या गादीचा सगळा खर्च या एका वाक्यात आहे. तयार मापाची गादी ऑनलाइन घेतली तर शंभर रात्री झोपून पाहा, नाही आवडली तर परत, असं बऱ्याच कंपन्या म्हणतात. मापाप्रमाणे करून घेतलेल्या गादीला ही सवलत बहुतेक ठिकाणी नसते. बदली नाही, दुकानातला सेल नाही, शिवाय दोन-तीन आठवडे थांबायचं. पुढे चादर, प्रोटेक्टर, पलंग, मच्छरदाणी, जे जे म्हणून तिला लागेल ते सगळं शिवूनच घ्यायचं.

खोलीचं माप घेताना एकच चूक सगळे करतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरतात. बारा बाय चौदाची खोली असेल आणि एका भिंतीला दोन फूट खोल कपाट असेल, तर तुमच्याकडे दहा बाय चौदाच आहे. सात फुटांचा पलंग मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरतं. त्यात बेडसाइड टेबल बसतं, पण कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही. बाजूने सहज चालायला अडीच फूट लागतात. जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रांनी सात बाय सातचा चौकोन मांडा आणि रात्री दिवा न लावता बाथरूमपर्यंत जाऊन या.

खोलीत माझी गादी बसत होती. ती खोलीपर्यंत पोचत नव्हती, इतकंच.

हे गणित कुणी आधी करत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. घरातल्या दाराची चौकट साधारण सात फुटांची असते, पण चौकटीच्या लाकडाची जाडी आणि खालची लादी सोडली तर मोकळी उंची ८१-८२ इंच मिळते. गादी ८४ इंच. चौकोनी वस्तू कशीही फिरवली तरी तिची कमीत कमी बाजू ८४ च राहते. आडवी गादी उभी करून अरुंद भागातून नेता येते, पण सात बाय सातला अरुंद बाजूच नाही. जरा कलती करून काढू म्हणाल, तर दहा इंच जाडीमुळे रुंदीत अडकते, कारण दार तेहेतीस-चौतीस इंचांचं. लिफ्टचं दार बहुतेक ठिकाणी दोन मीटर उंच असतं, म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच. साडेसहा फुटी गादी त्यातून एका बोटाच्या फरकाने आत जाते, सात फुटी जात नाही. आणि आत गेली तरी लिफ्टच्या खोलीत सहा-सात फूट मावायला ती स्ट्रेचर नेण्याची मोठी लिफ्ट हवी.

फोम आणि लेटेक्स वाकतात, गुंडाळता येतात, बऱ्याच फोमच्या गाद्या तर खोक्यात गुंडाळूनच येतात. स्प्रिंगची मोठी गादी दुमडायची नसते, दुमडली की काठाची तार वाकते आणि वॉरंटीही जाते. म्हणून पहिला नियम: पैसे देण्याआधी टेप घेऊन गेटपासून बेडरूमपर्यंत चाला. गेट, लिफ्टचं दार, लिफ्टची खोली, जिन्याचं वळण, घराचं दार, पॅसेजचं वळण, बेडरूमचं दार. सात आकडे कागदावर लिहा आणि दुकानदाराला दाखवून बिलावरच लिहून घ्या की माल खोलीत पोचवून मिळेल. तो नाही म्हणाला तर तुमचे साडेसहा हजार तिथेच वाचले.

आता माझ्या जाऊबाईंची गोष्ट. त्या नाशिकला असतात. नवरा-बायको आणि मध्ये आडवी झोपणारी चार वर्षांची मुलगी, त्यामुळे सात फूट रुंदी त्यांनाही हवी होती. माझी दोरखंडाची कहाणी ऐकून त्यांनी एक चार बाय साडेसहाची आणि एक तीन बाय साडेसहाची अशा एकाच मॉडेलच्या दोन तयार गाद्या घेतल्या. चार आणि तीन, सात. वरून सात फूट रुंदीचा दोन इंची लेटेक्स टॉपर, तो तेवढा ऑर्डर देऊन केलेला, गुंडाळून लिफ्टने वर आला. दोन्ही गाद्या तयार मापाच्या म्हणून शंभर रात्रींची सवलत लागू, वॉरंटी लागू, डिलिव्हरी घरात. फट मधोमध न येता एका बाजूला येते, आणि टॉपरखाली ती हाताला लागत नाही. मुलगी मोठी होऊन तिच्या खोलीत गेली की तीन फुटी गादी तिच्याबरोबर जाईल. आठ फूट रुंदी हवी असेल त्यांनी चार-चारच्या दोन घ्याव्यात.

त्यांनी गमावलं काय, तर लांबीतले सहा इंच. आमच्या घरात साडेसहा फूट उंचीचं कुणी नाही. झोपणाऱ्याच्या उंचीत सहा इंच मिळवले की लांबी पुरते, म्हणजे सहा फुटी माणसालाही ७८ इंच बास. सातची लांबी मी का मागितली याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. चौकोन छान दिसतो म्हणून, बहुधा.

आत काय भरलंय हा यातला खरा पैशाचा भाग. खालचे सगळे भाव सहा बाय साडेसहाचे समजा.

काथ्याची, म्हणजे रबर लावून दाबलेल्या नारळाच्या काथ्याची, वर फोमचा थर दिलेली सहा इंची गादी दहा ते अठरा हजारांत येते. ती टणक असते, हवा खेळती ठेवते आणि नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात तापत नाही. लक्झरी म्हणून कुणी ती दाखवणार नाही, पण खालचा थर म्हणून ती प्रामाणिक आहे. सहा-आठ वर्षांत मधोमध खड्डा पडतो.

नुसत्या फोमची आठ इंची बारापासून तीस हजारांपर्यंत. इथे सेल्समन 'डेन्सिटी' हा शब्द वापरतो. बत्तीस डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो. वरच्या थरांसाठी चाळीस असेल तर बरं. पण "मॅडम, शंभर डेन्सिटी आहे" असं कुणी म्हणालं तर हुरळू नका. फोमच्या कातरणांचा चुरा डिंकाने दाबून जो रिबॉन्डेड फोम करतात, त्याची डेन्सिटी ऐंशी-शंभर असते. तो वाईट नाही, पाया म्हणून चालतो, पण भाव त्याच्या वजनावर देऊ नये.

मेमरी फोम मूळचा गाद्यांसाठीचा नव्हेच. १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांचं काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तो तयार केला. तो उबेला मऊ होतो आणि थंडीत कडक. पंधरा ते चाळीस हजारांत बऱ्यापैकी मिळतो. नाशिकच्या डिसेंबरात पहिली दहा मिनिटं लाकडासारखा लागतो, मुंबईच्या मे महिन्यात एसी नसेल तर अंगाला चिकटतो. रात्रभर एसी चालणार असेल तरच मोठ्या गादीत मेमरी फोम घ्या, आणि तोही दोन इंचांचा थर पुरे.

पॉकेट स्प्रिंग तीसपासून ऐंशी हजार, वर जाड पिलो टॉप असेल तर लाखापुढे. प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे एकाने कूस बदलली तर दुसरा उठत नाही. स्वस्तात मिळतात त्या बॉनेल स्प्रिंगा, एकमेकींना तारेने बांधलेल्या. दुकानात नवऱ्याला एका बाजूला धपकन बसवा आणि स्वतः दुसऱ्या बाजूला डोळे मिटून पडा, फरक लगेच कळतो. रुंद गादीत हा गुण कामाचा, कारण माणसं जास्त असतात.

नैसर्गिक लेटेक्स आठ इंची पंचेचाळीस ते नव्वद हजार. रबराच्या चिकाचा फेस करून तो भट्टीत शिजवतात, आपल्याकडचं बहुतेक रबर केरळचं. टिकाऊ, लवचिक, हवेशीर. पण याच नावाखाली बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक चालते. कृत्रिम रबर मिसळलेलं, भुकटी भरलेलं, किंवा नुसत्या फोमवर 'लेटेक्स फील' लिहिलेलं काहीही विकलं जातं. मी जाऊबाईंच्या टॉपरच्या वेळी घरचा वजनकाटाच नेला होता. सहा बाय साडेसहाच्या एक इंच लेटेक्सचं वजन सात-साडेसात किलो भरतं, तेवढ्याच बत्तीसच्या फोमचं तीन. आठ इंच लेटेक्सची गादी म्हणून जी दाखवतात ती साठ किलोंच्या जवळ हवी. दुकानातला पोरगा एकटा ती झटक्यात उचलून उभी करत असेल, तर आत दुसरंच काहीतरी आहे. भुकटी घातली की वजन वाढतं, म्हणून वजन हा निम्मा पुरावा. उरलेला निम्मा म्हणजे खोळीची चेन उघडून आतलं पाहणं आणि गोल्स प्रमाणपत्राचा कागद मागणं. सेंद्रिय लेटेक्ससाठी तेच प्रमाणपत्र असतं. फोमसाठी सर्टिपूर, वरच्या कापडासाठी ओइको-टेक्स. चेन शिवून बंद केलेली असेल तर मी पुढच्या दुकानात जाते.

परदेशी गाद्या दोन लाखांपासून सुरू होतात आणि थांबतच नाहीत. स्वीडनची हॅस्टेन्स ही कंपनी १८५२ पासूनची, ती घोड्याच्या केसांचे थर हाताने भरते. वाचायला छान आहे. कोकणच्या दमट हवेत घोड्याचे केस काय करतील याचा विचार करून मी ते पान मिटलं.

एक शब्द मात्र डोक्यातून काढून टाका, ऑर्थोपेडिक. तो कंपनीच्या जाहिरात विभागाने दिलेला आहे. आपल्याकडे पाठ दुखली की "खाली चटईवर झोप" हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जातो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधल्या जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांचा अभ्यास आला होता, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. स्वतःपुरती परीक्षा अशी: चपला काढा, लाजू नका, कुशीवर पंधरा मिनिटं पडा. मग उताणे होऊन कमरेखाली हात घाला. हात सुळकन पलीकडे गेला तर गादी कडक, शिरतच नसेल तर फार मऊ.

आता भावाचा हिशेब. गादी चौरस फुटावर मोजा, सगळं उघड होतं. सहा बाय साडेसहा म्हणजे ३९ चौरस फूट, सात बाय सात ४९, आठ बाय सात ५६, आठ बाय आठ ६४. सहावरून सातवर गेलं की एकच फूट वाढतं असं वाटतं, प्रत्यक्षात माल पाव पटीने वाढतो. आमचं मॉडेल सहा बाय साडेसहात ६५ हजारांचं होतं, म्हणजे चौरस फुटाला १,६६७. त्या दराने ४९ फुटांचे ८१,६६७ व्हायला हवे होते. बिल झालं ९६ हजारांचं. मधले चौदा हजारांहून जास्त 'ऑर्डर साइज'चे, असं दुकानदार म्हणाला. काही दुकानं तर पुढच्या मोठ्या मापाचा सरसकट भाव लावतात आणि तुमच्यासाठी कापून देतात. म्हणून जाताना हा दर काढून जा आणि घासाघीस चौरस फुटावरच करा. आमच्याकडे तेवढ्याने त्याने निदान प्रोटेक्टर फुकट दिला असता. मी हे नंतर शिकले.

फोम आणि स्प्रिंगच्या गादीवर १८ टक्के जीएसटी आहे. २०१७ च्या जुलैत तो २८ होता, त्याच नोव्हेंबरात खाली आला. आमच्या ९६ हजारांत १४,६४४ रुपये कराचे होते. "बिल नको असेल तर जमवून देतो" असं म्हणणारे भेटतात. दहा वर्षांची वॉरंटी बिलाशिवाय चालत नाही, त्यामुळे ती बचत नुसती दिसायला. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, वर वेगळा कर मागितला तर देऊ नका. आणि दसरा-दिवाळीला चाळीस टक्के सूट दिसली की तिचा अर्थ एवढाच घ्या की एमआरपीच तेवढी फुगवलेली होती. श्रावणात जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

पलंगाचं पाहू. गादीचं माप म्हणजे पलंगाच्या आतलं माप, हे सुताराला तीनदा सांगा. आमच्याकडे आलेल्या सुतारदादांनी सात फूट बाहेरून धरले होते, ते मी ऐन वेळी पाहिलं म्हणून वाचले. चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा ठेवा, नाहीतर चादर खोचताना बोटं सोलतात. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चारचा येतो, सात बाय सातच्या पलंगाला दोन तक्ते लागतात, मधोमध सांधा येतो आणि त्याखाली पाय हवाच. खाली सामान ठेवायचा हायड्रॉलिक पलंग करणार असाल तर वजन मोजा: अठरा मिलिमीटरच्या प्लायचं सात बाय सातचं झाकण पन्नास किलो, वर आठ इंच लेटेक्स असेल तर सत्तर. एकशेवीस किलोंचं झाकण उचलायला साधा गॅस पंप पुरत नाही, आणि वर्षभराने तो सुटला तर झाकण हातावर येतं. जाऊबाईंनी झाकणंही दोन केली, एक चार फुटी, एक तीन फुटी. तीन फुटी बाजू आमच्या सासूबाईसुद्धा उघडतात, दिवाळीचे डबे तिथेच असतात.

प्लायला भोकं पाडून घ्या, वीतभर अंतरावर एकेक. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा, इथे पावसाळ्यात गादीखालच्या बंद प्लायवर बुरशीची हिरवी साय धरते, आणि ती दिसते तेव्हा गादीचा तळ गेलेला असतो.

उंचीकडे मात्र कुणी बघत नाही. सामानाचा पलंग सोळा-अठरा इंच, वर बारा इंचांची आलिशान गादी, म्हणजे तीस इंच. आमची आई पहिल्यांदा आली तेव्हा पलंगावर चढून बसली आणि पाय लोंबकळत राहिले, म्हणाली, "अगं, उतरवतं का कुणी?" बसल्यावर पाय जमिनीला टेकायला बावीस इंचांच्या आसपास उंची हवी. पलंग उंच असेल तर गादी सहा-आठ इंचांवर थांबवा.

जाडीचा दुसरा भुर्दंड चादरीत बसतो. बाजारातली किंग चादर १०८ बाय १०८ इंच. माझी गादी ८४, दोन्ही कडांची जाडी वीस, झाले १०४. खोचायला उरतात बाजूला दोन-दोन इंच, सकाळपर्यंत चादर गोळा होऊन पायाशी. मला १२० इंचांची लागते, ती शिवून घ्यावी लागते, एक तीन हजारांना पडली. कापडबाजारात, मुंबईत मंगलदास मार्केटसारख्या ठिकाणी, मोठ्या पन्ह्याचं कापड विचारा, नाहीतर मधोमध शिवण येते आणि ती पाठीला टोचते. जाऊबाईंची सहा इंच गादी आणि दोन इंच टॉपर मिळून आठ इंच, लांबी ७८. त्यांना तीच १०८ ची तयार चादर पुरते, रुंदीला दोन्हीकडे चार-चार इंच खोचायला मिळतात. अठराशेला एक. पांघरुणाचा प्रश्न दोघींनी सारखाच सोडवला, ज्याची त्याची सोलापुरी चादर. सात फुटांचं एकच दुलई-पांघरूण घेतलं की ते धुवायला घरचं मशीन पुरत नाही.

दोन्ही घरांचा जमाखर्च असा झाला. आमचा: गादी ९६,०००, वर चढवणं ८,३००, तीन चादरी ९,०००, मापाचा प्रोटेक्टर ४,५००, पलंग ७८,०००. एकूण १,९५,८००. त्यांचा: दोन गाद्या ५४,०००, टॉपर १२,०००, पलंग ७०,०००, तीन चादरी ५,४००, दोन तयार प्रोटेक्टर २,२००. एकूण १,४३,६००. कुंडीचे पैसे काकूंनी घेतले नाहीत.

वॉरंटीचा कागद दुकानातच उभं राहून वाचा. 'पंधरा वर्षं' या शब्दांखाली बारीक अक्षरांत तीन गोष्टी असतात. खड्डा किती खोल पडला तर तो दोष धरणार, सहसा एक ते दीड इंच, वजन काढून मोजलेला. किती वर्षांनंतर तुमचा हिस्सा कापून घेणार. आणि डाग दिसला तर वॉरंटी रद्द. घरात लहान मूल असेल तर पहिल्या रात्रीपासून प्रोटेक्टर घाला, चहाच्या एका डागाने लाखाचा हक्क जातो. गादी आली त्या दिवशी चारी बाजूंचं माप टेप धरून फोटोत घ्या, दोष सिद्ध करायला पुढे तोच उपयोगी पडतो.

दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गादी बंगळुरूहून मागवलेली असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझं प्रकरण मी नेलं नाही, कारण बिलाच्या मागे लिहिलेलं खरंच लिहिलेलं होतं आणि जिना माझा होता.

निगा फारशी नाही. दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करायची. पिलो टॉप असेल तर उलटायची नाही, फक्त फिरवायची. चौकोनी गादी काटकोनातही फिरवता येते, सात बाय सातचा मला सापडलेला एवढाच फायदा. आणि लेटेक्स उन्हात घालायचा नाही, कधीही नाही. उन्हाने रबर पिवळं पडून ठिसूळ होतं, भुगा सुटायला लागतो. आपल्या घरांत हे पटवणं कठीण, कारण पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी मे महिन्यात गच्चीवर टाकायची आणि संध्याकाळी काठीने बडवून आत आणायची, हे हाडात मुरलेलं आहे. कापसाला ऊन अमृत, लेटेक्सला विष. त्याला पंख्याची हवा आणि उघडी खिडकी पुरते.

आमच्या सासूबाईंनी यंदाच्या मे महिन्यात विचारलंच, "पापड झाले, आता गाद्या कधी टाकायच्या गच्चीवर?" मी म्हटलं, ही उचलायला सहा माणसं लागतात. त्यांचा विश्वास बसेना. मग आम्ही दोघींनी मिळून एक कोपरा वीतभर वर केला. त्यांनी खाली हात घालून प्लायच्या भोकांतून वारा येतोय का ते पाहिलं, हुंगून पाहिलं, आणि आम्ही कोपरा परत ठेवून दिला.